सेलू ते लोझान : एका सरोवराच्या सहलीचा हिशेब

नवरा, बायको आणि दहा-अकरा वर्षांचं मूल. स्वित्झर्लंडमध्ये सहा रात्री, त्याही एकाच सरोवराच्या काठी. खर्च पावणेसहा ते साडेसहा लाख रुपये. आकडा आधीच सांगून टाकला, म्हणजे ज्यांना इथेच थांबायचं त्यांना थांबता येईल. बाकीच्यांनी पुढचा हिशेब पेन्सिल घेऊन वाचावा. एक स्विस फ्रँक 115 रुपये धरला आहे. तुम्ही निघाल त्या दिवशीचा भाव बघून आकडे दुरुस्त करा.

आपल्याकडून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या सहली बहुतेक झुरिक, लुसर्न, इंटरलाकेन, टिटलिस आणि युंगफ्राऊ एवढ्याच धरून चालतात. म्हणजे जर्मन बोलणारा अर्धा देश आणि दोन बर्फाचे डोंगर. नैऋत्येचा फ्रेंच बोलणारा व्हो प्रांत आणि त्याची राजधानी लोझान राहूनच जातात. त्याच प्रांतावर हा हिशेब बेतला आहे, आणि त्याची कारणं दोन. एक पैशाचं, जे पुढे येईल. दुसरं वर्धा जिल्ह्याचं.

6 डिसेंबर 1931 ला गांधीजी लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतताना या सरोवराच्या पूर्व टोकाला असलेल्या विलनव्ह गावात उतरले आणि पाच दिवस राहिले. यजमान होते फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ. त्यांनी 1924 मध्ये गांधीजींवर पुस्तक लिहिलं होतं आणि तोवर दोघांची भेट झालेली नव्हती. सोबत महादेवभाई देसाई, प्यारेलाल, देवदास आणि मीराबेन. 8 तारखेला लोझानमध्ये सभा झाली. तिथेच गांधीजींनी, ईश्वर सत्य आहे असं म्हणण्याऐवजी सत्य हाच ईश्वर असं आपण का म्हणू लागलो, ते समजावून सांगितलं. मीराबेनना गांधीजींचं नाव पहिल्यांदा याच सरोवराकाठी रोलाँकडून कळलं होतं. 1936 मध्ये त्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आल्या. आज सेवाग्रामला आपण पाहुण्यांना जी बापूकुटी दाखवतो ती मुळात मीराबेनची झोपडी. सेलूहून सेवाग्राम तासाभराच्या आतलं. तेव्हा वर्धेकराला टिटलिसपेक्षा विलनव्ह जवळचं वाटायला हरकत नाही.

आता प्रदेश. लेमान सरोवर, ज्याला इंग्रज जिनिव्हाचं सरोवर म्हणतात, ते चंद्रकोरीच्या आकाराचं आहे. वरची कड स्वित्झर्लंडकडे, खालची फ्रान्सकडे. लांबी 73 किलोमीटर, सर्वांत खोल जागी 310 मीटर, क्षेत्रफळ सुमारे 580 चौरस किलोमीटर. आपलं सगळं बोर अभयारण्य, धरणासकट, साधारण 138 चौरस किलोमीटरचं. अशी चार अभयारण्यं पाण्याखाली घालून शिल्लक उरेल एवढं हे पाणी. जिनिव्हा शहर पश्चिम टोकाला आहे आणि तो वेगळा प्रांत. उत्तरेच्या काठाचा मोठा भाग व्होचा. मधोमध लोझान, त्याच्या पूर्वेला लावोचे द्राक्षमळे, मग वेव्हे, मोन्त्रू, शियाँचा किल्ला आणि शेवटी विलनव्ह. लोझान ते विलनव्ह जेमतेम तीस किलोमीटर. या छोट्या अंतरातच सहलीचे पैसे वाचतात.

पण पैसे वाचवायच्या आधी खर्च सुरू होतो, आणि तो घरापासून.

पासपोर्ट मोठ्यांचा 1,500 रुपये, मुलाचा 1,000. मुलाच्या अर्जावर आई-वडील दोघांची संमती लागते. पासपोर्ट असेल तर मुदत बघा: शेंगेन देशांतून बाहेर पडायच्या तारखेपुढे किमान तीन महिने शिल्लक हवेत आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आणि 6 ते 12 वर्षांच्या आतल्या मुलांना 45 युरो. तिघांचे 225 युरो म्हणजे चोवीस हजारांच्या आसपास, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला गेला तर यातलं काहीही परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबईचं किंवा पुण्याचं केंद्र गाठावं लागतं. वर्ध्याहून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसनं जाऊन एक मुक्काम धरला तर या एका कामाला आणखी बारा-पंधरा हजार जातात. ठसे 59 महिने चालतात, म्हणून पूर्वी कोणत्याही शेंगेन देशासाठी दिले असतील तर अर्जात तसं लिहा. प्रवास विमा सक्तीचा आहे, त्यात 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं. तो माणशी दीड-दोन हजारांत निघतो.

व्हिसाच्या कागदांत नोकरदाराला अडचण नसते: पगाराची चिठ्ठी, रजेचं पत्र, आयकर विवरणं. अडतो तो कास्तकार. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रात कमाई दिसत नाही आणि वकिलातीतल्या माणसाला सातबारा वाचता येत नाही. सातबारा आणि 8-अ यांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा. त्याहून कामाचा कागद म्हणजे बँकेचं खातं. सीसीआयला कापूस घातला असेल तर चुकारा थेट खात्यात येतो, ती नोंद पिवळी करून दाखवा. सोयाबीनचे पैसे रोखीत घेतले असतील तर बाजार समितीच्या पावत्या लावा. आणि अर्जाच्या पंधरा दिवस आधी मेव्हण्याकडून चार लाख आणून खात्यात टाकू नका. अचानक आलेली रक्कम तपासणाऱ्याला पहिली दिसते. व्हिसाची ‘गॅरंटी’ देणारा एजंट भेटला तर त्याचा चहा घ्यावा आणि उठावं. निर्णय वकिलातीचा असतो, कोणत्याही एजंटाच्या हातात तो नसतो.

विमान हा एकरकमी सगळ्यांत मोठा खर्च. मुंबईहून जिनिव्हाला मध्ये एक थांबा घेऊन जाणं-येणं माणशी साठ ते पंच्याहत्तर हजार धरा. तिघांचे दोन लाख. मेच्या पहिल्या पंधरवड्यात याहून बरंच वर. नागपूरहून आखाती देशांत जाणारी उड्डाणं त्या वेळी सुरू असतील तर तिथून पुढे जिनिव्हा गाठता येतं, मुंबईची फेरी आणि एक मुक्काम वाचतो. तिकीट दोन-तीन हजारांनी महाग दिसलं तरी एकूण हिशेब करून बघा.

इथे विदर्भाला एक फायदा आहे, तो कुणी घेत नाही. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरतात. मुंबई-पुण्याची मुलं जूनच्या मध्याला वर्गात बसली की विमानांचे भाव उतरू लागतात, आणि आपल्याकडे अजून आठ-दहा दिवस सुट्टी उरलेली असते. लोझानला जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. शिक्षक, दुकानदार, नोकरदार यांनी हेच दिवस धरावेत. कास्तकाराला ते जमणार नाही, त्याचं मृग तिकिटासाठी थांबत नाही. त्यानं एप्रिलचा शेवट किंवा मे बघावा. मे महिन्यात मोन्त्रूच्या वरच्या कुरणांत नर्गिसाची पांढरी फुलं येतात आणि डोंगर बर्फ पडल्यासारखा दिसतो. ते बघायला तिकीट नाही.

आता पैसे वाचवायची जागा. स्वित्झर्लंडला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण स्विस ट्रॅव्हल पास घेतो, कारण शेजाऱ्यानं घेतला होता. 2025 च्या दरपत्रकात दुसऱ्या वर्गाचा सहा दिवसांचा पास 379 फ्रँकचा होता. आई-वडिलांबरोबर 16 वर्षांच्या आतलं मूल फुकट. दोघांचे 758 फ्रँक, म्हणजे 87 हजार रुपये. रेल्वे, बस, बोटी आणि 500 हून अधिक संग्रहालयं त्यात येतात. रोज दोनशे किलोमीटर फिरणाऱ्याला तो स्वस्तच पडतो.

एका सरोवराकाठी राहणाऱ्याला पडत नाही. लोझानमध्ये हॉटेलात उतरलं की पाहुण्यांच्या करातून एक वाहतूक कार्ड फुकट मिळतं. त्यावर शहर परिसरातल्या बस, मेट्रो आणि लोकल गाड्या मुक्काम संपेपर्यंत चालतात. मोन्त्रू-वेव्हेच्या हॉटेलांत तसंच रिव्हिएरा कार्ड मिळतं. वेव्हेपासून मोन्त्रू आणि शियाँवरून विलनव्हला जाणारी 201 क्रमांकाची बस त्यावर चालते, शिवाय कितीतरी तिकिटांवर सूट असते. तेव्हा तीन रात्री लोझान आणि तीन रात्री मोन्त्रूकडे अशी विभागणी करा. मग पैसे भरून करायचा प्रवास उरतो विमानतळ ते लोझान, लोझान ते मोन्त्रू आणि परत विमानतळ. तिघांचे मिळून दोनशे फ्रँकच्या आसपास. त्यात एक डोंगर आणि एक बोट घातली तरी साडेचारशे होतात, संग्रहालयांची तिकिटं वेगळी काढली तरी सहाशेच्या आत. पासपेक्षा अठरा-वीस हजार रुपये कमी. भाड्याचं घर घेणार असाल तर मालकाला आधीच विचारा की पाहुण्यांचा कर भरून कार्ड मिळणार का. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरं घर बघा.

राहण्याचा खर्च तिघांच्या खोलीला रात्री 180 ते 220 फ्रँक. सहा रात्रींचे एक लाख अडतीस हजार धरले आहेत. स्टेशनजवळची खोली थोडी महाग मिळाली तरी घ्या, कारण लोझान चढाचं शहर आहे. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून 372 मीटर, आणि शहर तिथून पाचशे मीटर वर चढत जातं. म्हणूनच सव्वा-दीड लाख वस्तीच्या या गावात मेट्रो आहे, आणि ती स्वित्झर्लंडमधली एकमेव. 2008 मध्ये सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या मार्गाला चालक नाही. उशी बंदरावरून ती रबरी टायरवर सरळ चढ घेत शहराच्या डोक्यावर जाते. मुलाला सगळ्यांत पुढच्या काचेशी उभं करा. कार्ड हातात असेल तर हे फुकट.

जेवणाचं मात्र सांभाळून. साध्या उपाहारगृहात दुपारची ‘आजची थाळी’ 20 ते 25 फ्रँकची, कॉफी साडेचार-पाचची. तिघं दोन वेळा बाहेर जेवले तर रोजचे पंधरा हजार सहज जातात. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन सकाळ-संध्याकाळ घरी आणि दुपारी एकदा बाहेर, असं केलं तर रोज ऐंशी-नव्वद फ्रँकमध्ये भागतं. मिग्रो आणि कूप ही दोन दुकानं लक्षात ठेवा. पण ती संध्याकाळी सात वाजताच्या सुमारास बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत; रविवारी फक्त स्टेशनातलं दुकान आणि तिथली गर्दी. शनिवारी भाजी-दूध भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, चौकातल्या कारंज्याचं पिता येतं. चिवडा, चटणी, मेतकूट, तांदूळ न्या. तूप, खवा, पेढे नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. वितळलेल्या चीजचं फाँड्यू शाकाहारी म्हणून सांगतात, पण त्यात पांढरी वाइन असते आणि चीज बनवताना बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावं. व्होचं खास जेवण म्हणजे लीक आणि बटाट्यावर ठेवलेलं सॉसेज, तेव्हा शाकाहाऱ्याला तिथे फार काही गमावल्याचं दुःख नको.

पैसे देताना यूपीआय विसरा. फॉरेक्स कार्डावर फ्रँकच भरा; युरो भरले तर दोनदा बदली होऊन नुकसान. दुकानातलं मशीन विचारतं, रक्कम रुपयांत घ्यायची का? आपली ओळखीची खूण बघून बोट तिकडेच जातं. फ्रँकच निवडा, रुपये निवडले की भाव मशीनवाल्याचा लागतो आणि तीन-चार टक्के गेलेच. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो खर्च नाही, आयकर विवरण भरून वळता किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकतात, त्याची सोय ठेवा.

काय बघायचं त्याचाही हिशेब. लोझानचं कॅथेड्रल फुकट. 1275 मध्ये पोपच्या हस्ते ते अर्पण झालं. 1536 मध्ये बर्नच्या सैन्यानं व्हो जिंकला, प्रोटेस्टंट पंथ आणला आणि आतल्या मूर्ती-सजावट काढून टाकली. बर्नचा अंमल 1798 पर्यंत टिकला. 1803 मध्ये व्हो स्वतंत्र प्रांत म्हणून स्विस संघात आला. हा इतिहास कंटाळवाणा वाटेल, पण लोझानच्या माणसाला बर्नबद्दल विचारून बघा, उत्तरात थोडा कडवटपणा अजून सापडतो. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर रात्री दहा ते दोनपर्यंत दर तासाला एक पहारेकरी चारी दिशांना ओरडून वेळ सांगतो. ही चाल 1405 पासून आहे. पूर्वी आग लागली की तोच सांगायचा. आता आगीचे बंब वेगळे आहेत, तरी शहरानं त्याचा पगार चालू ठेवला. 2021 पासून या कामावर पहिल्यांदाच एक बाईही आहे. दहा वाजता खाली उभं राहून ऐका. खर्च शून्य.

ऑलिंपिक समितीचं मुख्यालय 1915 पासून लोझानला आहे आणि तिचं संग्रहालय सरोवराकाठी उशीला. मोठ्यांचं तिकीट वीस फ्रँकच्या आसपास. घरात खेळाडू असेल तर जा, नसेल तर बाहेरची बाग पुरे.

लावोचे द्राक्षमळे मात्र सोडू नका. डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांची ही शेती, साधारण आठशे हेक्टर. सुरुवात अकराव्या-बाराव्या शतकातल्या मठांतल्या साधूंनी केली. युनेस्कोनं 2007 मध्ये तिला जागतिक वारसा म्हटलं. तिथले लोक म्हणतात की आमच्या द्राक्षाला तीन सूर्य: एक वरचा, दुसरा सरोवरातून परतणारा, तिसरा दगडी भिंतीत साठलेला. आपल्याकडच्या कास्तकारानं तिथल्या बांधाजवळ दहा मिनिटं थांबावं. दोन ओळींत एक माणूस जेमतेम मावतो, ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून काही ठिकाणी माल एका रुळावरच्या छोट्या गाडीनं चढवतात. जमीन एवढी महाग आणि मजुरी त्याहून महाग असूनही ही शेती टिकली, कारण द्राक्ष विकण्याऐवजी वाइन करून गावाच्या नावानं विकतात. कापूस जिनिंगला घालून मोकळं होणाऱ्या आपल्याला हे बघून थोडा त्रास व्हावा. चालायच्या वाटा मोफत आहेत, सँ-साफोराँ ते लुत्री हा पट्टा दिवसभराचा. वेव्हेला या वेलकऱ्यांचा उत्सव एका पिढीत एकदाच होतो. मागचा 2019 ला झाला, त्याआधीचा 1999 ला. त्यासाठी थांबू नका.

वेव्हेच्या वर चार्ली चॅप्लिननं आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं काढली, 1953 पासून 1977 च्या नाताळात मृत्यू येईपर्यंत. त्याचं घर 2016 पासून संग्रहालय आहे. तिकीट तीस फ्रँकच्या आसपास, आणि माझ्या मते ते वसूल होतं, विशेषतः मूल सोबत असेल तर. मोन्त्रूला सरोवराकडे तोंड करून फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा आहे. हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. फोटो काढायला पैसे पडत नाहीत. शियाँच्या किल्ल्याला पंधरा फ्रँकच्या आसपास लागतात. तळघरातल्या ज्या खांबाला बोनिव्हार नावाचा कैदी बांधला होता तो आणि त्यावरून 1816 मध्ये बायरननं लिहिलेली कविता, यामुळे तिथे गर्दी असते. सकाळी उघडता उघडता जा.

किल्ल्यापासून पाण्याच्या कडेनं अर्धा तास चाललं की विलनव्ह. रोलाँ 1922 ते 1938 इथल्या व्हिला ओल्गात राहिले. घर बाहेरूनच बघायचं. गांधीजी शेजारच्या घरात उतरले होते आणि रोलाँनी त्यांना पियानोवर बेथोव्हन वाजवून दाखवला होता. सप्टेंबर 2019 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते गावात गांधीजींचा अर्धपुतळा बसवला गेला. इथे तिकीट नाही, दुकान नाही, मार्गदर्शक नाही. सहलीतली ही सकाळ सगळ्यांत स्वस्त, आणि वर्धेकरानं ती शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

बर्फ बघायचाच असेल तर मोन्त्रूहून दातेरी रुळांची गाडी 2,042 मीटरवरच्या रोशे-द-नायला जाते. रिव्हिएरा कार्डावर सूट मिळते का ते तिकीट काढायच्या आधी विचारा. जूनच्या शेवटी वर फारसा बर्फ नसतो. बर्फासाठी युंगफ्राऊचा हट्ट धराल तर तिघांचे पाऊण लाख आणि एक पूर्ण दिवस वेगळा काढा. मी तरी काढणार नाही.

म्हणजे कागदपत्रं, व्हिसा आणि विमा यांचे पंचावन्न हजार, विमान दोन लाख, मुंबई गाठणं पंधरा हजार, राहणं एक लाख अडतीस, तिथला प्रवास पंचावन्न, जेवण बहात्तर, तिकिटं तीस, सिमकार्ड-औषधं-चॉकलेट पंधरा. बेरीज पाच लाख ऐंशी हजार. फ्रँक वधारला किंवा तिकीट उशिरा काढलं तर साडेसहा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंतच घेतला जातो. मेमध्ये जायचं असेल तर दिवाळी संपली की पासपोर्ट कपाटातून काढा आणि मुदतीची तारीख बघा.